कादंबरीने उभारलेले हेरखाते

ब्रिटनचे जगप्रसिद्ध हेरखाते उभे राहण्यात एका कादंबरीकाराच्या वाचकांनी धाडलेल्या पत्रांचाही हात होता, असे सांगितले तर कुणालाही ती थाप वाटेल. पण १९०९ सालचा इतिहास तसाच आहे.

विल्यम ल क्यू हे नाव आज त्याच्या स्वतःच्या देशातही फारसे कुणाला आठवत नाही. वडील फ्रेंच, जन्म १८६४ साली लंडनचा, पेशा पत्रकाराचा आणि लिहिण्याचा झपाटा असा की आयुष्यात शंभराहून अधिक पुस्तके हातावेगळी केली. १८९४ साली त्याने इंग्लंडवर परकी सैन्य चालून येते अशी एक कादंबरी लिहिली. त्या वेळी शत्रू होते फ्रान्स आणि रशिया. पुढे राजकारणाचे वारे फिरले, तसा त्याने शत्रूही बदलला. १९०६ साली ‘डेली मेल’मध्ये त्याची जर्मन स्वारीची कादंबरी क्रमशः सुरू झाली. वृत्तपत्राचे मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांना कथानकातली एकच गोष्ट खटकली. जर्मन फौजा युद्धशास्त्राला धरून आडगावांतून चालल्या होत्या आणि तिथे ‘डेली मेल’चा खप काय होणार? मालकांनी स्वारीचा मार्ग बदलायला लावला. फौजा आता भरवस्तीच्या शहरांतून जाऊ लागल्या. जाहिरातीसाठी प्रशियन सैनिकांचा गणवेश चढवलेली, अंगावर पाट्या अडकवलेली माणसे लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर फिरवण्यात आली. पुस्तकरूपाने ही कादंबरी दहा लाखांहून अधिक खपली.

१९०९ मध्ये ल क्यूने पुढची पायरी गाठली. ‘स्पाइज ऑफ द कायझर’ या पुस्तकात त्याने असे चित्र रंगवले की इंग्लंडमध्ये हजारो जर्मन हेर न्हावी, वेटर, घड्याळजी बनून राहत आहेत. हे कादंबरीच्या रूपात मांडले असले तरी खरे आहे, असा त्याचा दावा होता. डंडीच्या ‘वीकली न्यूज’ने तर हेराची खबर देणाऱ्यास दहा पौंडांचे बक्षीस लावले आणि त्या कामासाठी खास संपादक नेमला. मग पत्रांचा पूर आला. किनाऱ्यालगतच्या खाणावळीत उतरलेला आणि रोज लांबवर फिरायला जाणारा परदेशी माणूस, पुलाचे छायाचित्र काढणारा प्रवासी, जरा जास्तच चौकशा करणारा न्हावी: वाचकांच्या नजरेला प्रत्येकात हेर दिसू लागला.

इथपर्यंतची गोष्ट करमणुकीची आहे. पण लष्कराच्या हेरविरोधी शाखेचे प्रमुख कर्नल जेम्स एडमंड्स हे ल क्यूचे स्नेही होते. त्यांच्या हाताशी माणसे जवळपास नव्हती, पैसा त्याहून कमी. युद्धमंत्री हॉल्डेन यांच्या अध्यक्षतेखाली त्याच वर्षी हेरगिरीचा विचार करायला एक उपसमिती बसली, तेव्हा एडमंड्सनी तिच्यापुढे संशयित प्रकरणांची यादी ठेवली आणि त्यातली काही प्रकरणे ल क्यूकडून आलेली होती. समितीवरचे लॉर्ड एशर यांनी त्यांची थट्टाच केली. हॉल्डेनही आधी साशंक होते. तरी शेवटी समितीने मान डोलावली आणि ‘सीक्रेट सर्व्हिस ब्यूरो’ स्थापन करण्याची शिफारस केली. १९०९ च्या ऑक्टोबरात कॅप्टन व्हर्नन केल आणि कमांडर मॅन्सफील्ड कमिंग या दोन अधिकाऱ्यांनी कामाला सुरुवात केली. त्याच सुमाराच्या रोजनिशीत कमिंगने नोंदवले आहे, की दिवसभर कचेरीत बसलो, कुणी आले नाही आणि करण्यासारखे कामही नव्हते. या ओस कचेरीतून पुढे केलचे एमआय-५ आणि कमिंगचे एमआय-६ निघाले. कमिंग हिरव्या शाईने ‘सी’ एवढीच सही करी. एमआय-६ चे प्रमुख आजही ‘सी’ म्हणूनच ओळखले जातात.

गंमत अशी की जर्मनीचे हेर खरोखरच होते. पण मूठभर, आणि त्यांचे लक्ष होते बंदरांवर आणि युद्धनौकांवर. न्हाव्यांची फौज वगैरे काही नव्हते. म्हणजे खोट्या भीतीतून खरे खाते जन्मले आणि त्या खात्याने मग खरे हेर पकडले. ल क्यूला मात्र आपण लिहिलेले इतके पटले होते की महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन आपल्या जिवावर उठले आहेत असे सांगून तो पोलीस संरक्षण मागू लागला. पोलिसांनी दाद दिली नाही.

ल क्यूच्या जर्मन स्वारीच्या कादंबरीआधी एका खऱ्या अर्थाने थोर लेखकाने हीच वाट पाडली होती. अर्स्किन चिल्डर्स हा ब्रिटिश संसदेतला कारकून, सुटीत छोट्या शिडाच्या बोटीतून समुद्र पालथा घालणारा. १८९७ साली तो ‘व्हिक्सन’ नावाच्या बोटीतून जर्मनीच्या फ्रिजियन बेटांच्या उथळ पाण्यात फिरला. त्या अनुभवावर १९०३ मध्ये त्याची ‘द रिडल ऑफ द सँड्स’ ही कादंबरी आली. दोन इंग्रज तरुण बोटीने हिंडता हिंडता जर्मनीच्या गुप्त स्वारीचा बेत हुडकतात, एवढेच कथानक. पण वाळूचे बांध, भरती-ओहोटी, खाड्यांचे नकाशे इतके अचूक की ब्रिटिश नौदलाला त्यावर चौकशी करावी लागली. १९१० साली ब्रँडन आणि ट्रेंच हे दोन ब्रिटिश अधिकारी याच किनाऱ्यावर टेहळणी करताना जर्मनांच्या हाती लागले. लाइपझिगच्या न्यायालयात या कादंबरीचा विषय निघाला, तेव्हा आपण ती वाचली असल्याचे ब्रँडनने सांगून टाकले. दोघांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. १९१३ मध्ये कायझरने त्यांना माफी दिली. चिल्डर्सच्या नशिबी माफी नव्हती. इंग्लंडच्या रक्षणासाठी लिहिणारा हा माणूस पुढे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढला आणि तिथल्या यादवीत १९२२ साली आयरिश सरकारनेच त्याला गोळ्या घातल्या. १९७३ मध्ये त्याचाच मुलगा त्याच देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

हेरकथेच्या वंशावळीत एक धागा थेट मुंबईला येतो. रड्यार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. वडील लॉकवुड तिथे शिकवत. क्रॉफर्ड मार्केटवरची कोरीव शिल्पे त्यांच्याच कल्पनेतली. किपलिंगच्या १९०१ च्या ‘किम’ कादंबरीत लाहोरच्या गल्ल्यांत वाढलेला पोरका गोरा मुलगा इंग्रजांचा हेर बनतो. त्याला तयार करतात ते भूमापन खात्याच्या आडून हेरगिरी चालवणारे लोक. ही गोष्ट किपलिंगच्या मनची नव्हती. १८६५-६६ मध्ये कुमाऊँचे नैनसिंह रावत यात्रेकरूच्या वेशात ल्हासापर्यंत पावले मोजत गेले होते. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी मोजमापांचे कागद.

अंबाल्यात १ जानेवारी १९१२ रोजी एका आयसीएस अधिकाऱ्याला मुलगा झाला. हॅरल्ड त्याचे नाव. पण किपलिंगच्या नायकावरून घरात त्याला ‘किम’ म्हणू लागले. हा किम फिल्बी पुढे एमआय-६ मध्ये फार वर चढला आणि सुरुवातीपासून सोव्हिएत रशियाचा हेर निघाला. १९६३ च्या जानेवारीत तो बैरुतहून पसार होऊन मॉस्कोला पोचला. युद्धकाळात त्याच्या हाताखाली काम करणारा ग्रॅहम ग्रीन हा कादंबरीकार त्याच्याशी मैत्री तोडायला तयार नव्हता. फिल्बीच्या १९६८ च्या आत्मचरित्राला प्रस्तावना लिहून त्याने मायदेशी बराच रोष ओढवून घेतला.

सॉमरसेट मॉमचा उल्लेख इथे ओझरता पुरे. पहिल्या महायुद्धात तो जिनिव्हात आणि नंतर पेत्रोग्राडमध्ये हेर होता आणि त्यावरच्या ‘अ‍ॅशेंडन’ (१९२८) या कथांनी हेराच्या आयुष्यातला कंटाळा पहिल्यांदा साहित्यात आणला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की त्यातल्या एका कथेतला हिंदी क्रांतिकारक चंद्रलाल हा सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यावर बेतला असल्याचे मानले जाते.

आता इयान फ्लेमिंग. युद्धात तो नौदलाच्या गुप्तवार्ता प्रमुखांचा, अ‍ॅडमिरल गॉडफ्रे यांचा, साहाय्यक होता. जमैकातल्या ‘गोल्डनआय’ या घरी १९५२ च्या सुरुवातीला त्याने ‘कसिनो रोयाल’ लिहायला घेतली. नायकाला अगदी साधे, सपक नाव हवे होते. ते त्याने कॅरिबियन पक्ष्यांवरच्या एका पुस्तकाच्या लेखकाकडून उचलले. तो बिचारा पक्षिशास्त्रज्ञ जेम्स बाँड उरलेले आयुष्य हॉटेलांत आपले नाव सांगून लोकांच्या भुवया उंचावत राहिला.

फ्लेमिंगच्या वाचकांचा उत्साह मात्र नावावर थांबणारा नव्हता. एका कादंबरीत त्याने स्त्रियांचे एक अत्तर चुकीच्या कंपनीच्या नावावर टाकले, दुसरीकडे ओरिएंट एक्स्प्रेसच्या ब्रेकांचा प्रकार चुकवला. दोन्ही वेळा लोकांनी पत्रे लिहून त्याचे कान उपटले. १९५६ च्या मे महिन्यात ग्लासगोहून जेफ्री बूथरॉइड नावाच्या बंदूक-तज्ज्ञाचे पत्र आले. कादंबऱ्या आवडतात, पण बाँडजवळचे .२५ बोअरचे बेरेटा पिस्तूल बायकांच्या पर्समध्ये शोभणारे आहे, असा त्याचा आक्षेप. फ्लेमिंग दुखावला नाही. त्याने उलटटपाली सल्ला मागितला आणि दोघांत बंदुका, म्यान, काडतुसे यांवर लांबलचक पत्रव्यवहार झाला. १९५८ च्या ‘डॉक्टर नो’मध्ये वरिष्ठ अधिकारी बाँडचे बेरेटा काढून घेतो आणि त्याच्या हाती वॉल्थर पीपीके येते. ते देणारा शस्त्रागाराचा अधिकारी कोण? मेजर बूथरॉइड! चित्रपटांतला ‘क्यू’ तो हाच.

पण चाहत्याच्या चुका काढणारे चाहते असतातच. बूथरॉइडने सुचवलेले बर्न्स-मार्टिन म्यान रिव्हॉल्व्हरसाठी होते. फ्लेमिंगने दोन शिफारशींची सरमिसळ करून त्यात पिस्तूल खुपसले. जाणकार वाचक हे आजही हसून सांगतात. बूथरॉइडला या मैत्रीची झळही लागली. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या मुखपृष्ठावर चित्र काढण्यासाठी त्याने स्वतःचे रिव्हॉल्व्हर चित्रकाराला उसने धाडले होते. नेमका त्याच सुमारास ग्लासगोलगत तिघांचा खून झाला आणि तशाच बोअरची बंदूक शोधत पोलीस त्याच्या दारात आले. रिव्हॉल्व्हर चित्रासाठी लंडनला गेले आहे, हे उत्तर ऐकून त्यांना काय वाटले असेल?

याच कादंबरीला १९६१ मध्ये जगातला सर्वांत वजनदार चाहता लाभला. ‘लाइफ’ साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या दहा आवडत्या पुस्तकांची यादी छापली, त्यात ती होती. अमेरिकेत बाँडचा खप भडकला तो तेव्हापासून.

हेरकथेचा वाचक एवढा आग्रही का असतो, याचे कारण माझ्या मते त्या धंद्याच्या गुप्ततेत आहे. पोलीस, वकील, डॉक्टर यांना आपण रोज पाहतो; कादंबरीतले खरे-खोटे ताडून पाहता येते. हेरखाते कुणी पाहिलेले नसते. ब्रिटिश सरकारने तर एमआय-६ चे अस्तित्व कायद्याने मान्य केले ते १९९४ मध्ये. त्या मोकळ्या जागेत कादंबरी हेच एकमेव साक्षीपत्र उरते. सामान्य माणूस तर ते वाचून आपले मत बनवतोच, पण त्या खात्यातली माणसेही स्वतःला त्यात शोधतात.

जॉन ल कारेच्या बाबतीत हे फार ठळकपणे घडले. डेव्हिड कॉर्नवेल हे त्याचे खरे नाव. बाप अट्टल भामटा. मुलगा आधी एमआय-५ आणि मग एमआय-६ मध्ये. बर्लिनची भिंत उभी राहिली तेव्हा तो बॉनच्या वकिलातीत होता. ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (१९६३) खात्याने तपासून सोडली, कारण ती निव्वळ कल्पित आहे असे वरिष्ठांना वाटले. जगाने मात्र तीच खरी मानली. चष्मा पुसणारा, गबाळा, बायकोने फसवलेला जॉर्ज स्मायली हा नायक ज्यांच्यावरून सुचला त्यांपैकी एक जॉन बिंगम, एमआय-५ मधला त्याचा जुना सहकारी. बिंगमला ही कीर्ती अजिबात रुचली नाही. हाताखालच्या पोराने खात्याची बदनामी केली असे त्याचे ठाम मत होते.

१९७९ च्या बीबीसी मालिकेत स्मायली साकारण्यापूर्वी अ‍ॅलेक गिनेसने खरा हेरप्रमुख पाहायचा आहे असा हट्ट धरला. ल कारेने एमआय-६ चे निवृत्त प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याबरोबर जेवण ठरवले आणि गिनेस त्यांच्या लकबी टिपत बसला. याच्या उलट प्रसंग पुढे घडला. केजीबीच्या परराष्ट्र शाखेचे एकेकाळचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह लंडनला आले असता त्यांनी आवर्जून ल कारेची भेट घेतली. कादंबऱ्यांतल्या कोणत्या पात्राशी तुमचे नाते जुळते, असे विचारल्यावर रशियाचा हा माणूस उत्तरला, अर्थातच स्मायलीशी. १९८७ मध्ये ल कारे मॉस्कोत असताना फिल्बीला भेटण्याचा निरोप आला होता. तो त्याने धुडकावला. फिल्बीवरूनच त्याने ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’मधला घरभेदी रंगवला होता, पण खऱ्या घरभेद्याशी हात मिळवण्याची त्याची तयारी नव्हती. ग्रीनपेक्षा मला ल कारेचे वागणे अधिक पटते.

आपल्याकडे हेरकथा आली ती उर्दूतून. अलाहाबादच्या असरार अहमद यांनी ‘इब्ने सफी’ या नावाने १९५२ मध्ये ‘जासूसी दुनिया’ ही मासिक मालिका सुरू केली आणि त्याच वर्षी ते कराचीला गेले. १९५५ पासून आलेला त्यांचा इमरान हा अफलातून प्राणी आहे. बावळट चेहऱ्याचा, भलते बोलणारा हा तरुण प्रत्यक्षात गुप्तचर खात्याचा ‘एक्स-टू’ नावाचा प्रमुख असतो आणि हाताखालच्या माणसांनाही त्याचा पत्ता नसतो. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना त्यांची पुस्तके निघत. हिंदीत ‘जासूसी दुनिया’चा नायक कर्नल फरीदी याचा विनोद झाला, इमरानचा राजेश. आजारपणामुळे १९६० नंतर सुमारे तीन वर्षे लेखन थांबले, तेव्हा मिळत्याजुळत्या नावांच्या नकली लेखकांचे पीक आले. १९६३ मध्ये ‘डेढ मतवाले’ घेऊन ते परतले आणि मागणी एवढी, की लगोलग पुन्हा छपाई करावी लागली.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. पण झुंजार असो की काळा पहाड, त्यांची लढत गुन्हेगारांशी. गोव्याचे गुरुनाथ नाईक यांनी बाराशेच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या आणि कॅप्टन दीपसारख्या लष्करी नायकाला परदेशी हेरांच्या मागे धाडले. वाचनालयातून दिवसाच्या भाड्यावर ही पुस्तके हातोहात जात. खात्यात प्रत्यक्ष काम केलेला कादंबरीकार मात्र मराठीला लाभला नाही, आणि मराठी हेरकथा धाडसाच्या पुढे फारशी सरकली नाही ती बहुधा त्यामुळेच.

अमेरिकेत टॉम क्लॅन्सीने याला अपवाद निर्माण केला. मेरीलँडमधला हा विमा-एजंट सैन्यात कधीच नव्हता. छापील पुस्तके आणि ‘हार्पून’ नावाचा नौदल-युद्धाचा खेळ यांच्या बळावर त्याने ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ (१९८४) लिहिली. एरवी ललित साहित्य न छापणाऱ्या, नौदलविषयक पुस्तकांच्या एका प्रकाशनसंस्थेने ती काढली, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तोंड भरून स्तुती केली आणि नौदलमंत्री जॉन लेहमन यांचा पहिला प्रश्न होता, हे छापायला परवानगी दिली कुणी? फ्रेडरिक फोर्साइथच्या ‘द डे ऑफ द जॅकल’चा (१९७१) उपद्रव जास्त खरा होता. मेलेल्या बालकाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट काढायची युक्ती त्यात बारकाव्यांसह दिली होती आणि ती पळवाट ब्रिटिश सरकारने कैक वर्षे बुजवली नाही. १९७५ मध्ये कार्लोस या दहशतवाद्याच्या लंडनमधल्या ओळखीच्या घरात पत्रकाराला या कादंबरीची प्रत दिसली आणि तो जन्माचा ‘कार्लोस द जॅकल’ झाला. प्रत त्याची नव्हतीच. फोर्साइथने स्वतः वीसेक वर्षे एमआय-६ ची कामे केल्याचे २०१५ च्या आत्मचरित्रात उघड केले.

जेम्स ग्रेडीच्या ‘सिक्स डेज ऑफ द कॉन्डर’ (१९७४) या कादंबरीत सीआयएची एक शाखा जगभरच्या रहस्यकथा वाचून त्यांतल्या युक्त्या टिपत असते. ती शाखा ग्रेडीने कल्पनेतून उभी केली होती. सर्गेई त्रेत्याकोव्ह या माजी रशियन हेराच्या हवाल्याने पीट अर्ली यांनी लिहिले आहे, की या कथेवरचा चित्रपट पाहून केजीबीने तसलाच एक विभाग खरोखर उघडला आणि त्यात दोन हजार माणसे भरली.

सोव्हिएत रशियातही चाहत्यांची कमी नव्हती. युलियन सेम्योनोव्हच्या कादंबरीवरची ‘वसंतातले सतरा क्षण’ ही बारा भागांची मालिका १९७३ मध्ये दाखवली गेली. नाझींच्या गोटात श्टिर्लिट्झ नावाने वावरणारा सोव्हिएत हेर इतका लोकप्रिय झाला की त्याच्यावरचे शेकडो विनोद अजून सांगितले जातात. त्याआधी वदिम कोझेव्हनिकोव्हची ‘ढाल आणि तलवार’ ही त्याच धर्तीची कादंबरी १९६५ साली आली होती, १९६८ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. लेनिनग्राडमधला एक शाळकरी मुलगा त्याने भारून गेला. एकटा हेर सबंध फौजांना न जमणारे काम करतो, ही कल्पना त्याच्या डोक्यात बसली. तो सरळ केजीबीच्या कचेरीत गेला आणि आपल्याला नोकरी हवी म्हणाला. आपण होऊन येणाऱ्यांना आम्ही घेत नाही, आधी कायदा शीक, असे सांगून त्याला घरी पाठवण्यात आले. त्याने कायद्याची पदवी घेतली आणि १९७५ मध्ये तो केजीबीत दाखल झाला. २०१० च्या जुलैत अमेरिकेने पकडून परत पाठवलेल्या दहा रशियन हेरांची त्याने भेट घेतली, तेव्हा तो देशाचा पंतप्रधान होता. आपण त्यांच्याबरोबर गाणी म्हटली, त्यात ‘ढाल आणि तलवार’मधलेही होते, असे व्लादिमीर पुतिन यांनी पत्रकारांना सांगितले.